मांडीची आग होते, पण दबलेली नस मणक्यात नसते

ओट्याशी उभे राहून स्वयंपाक करताना, रांगेत ताटकळताना किंवा थोडे अंतर चालल्यावर मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होऊ लागते, चुरचुरते, मुंग्या येतात. कधी तो भाग बधिर वाटतो, आणि बधिर असूनही त्यावरून पँटचे किंवा साडीचे कापड घासले तर ते सहन होत नाही. खुर्चीत बसले की काही वेळात बरे वाटते, पुन्हा उभे राहिले की त्रास परत सुरू होतो. अशी तक्रार सांगितल्यावर घरातून आणि शेजारून मिळणारी उत्तरे बहुधा ठरलेली असतात : वात आहे, शीर दबली आहे, मणक्यात गॅप पडला आहे. यातले शीर दबल्याचे निदान पुष्कळदा बरोबर असते. मात्र ती दरवेळी पाठीच्या कण्यातच दबते, ही समजूत बरोबर नाही. वर वर्णन केलेल्या त्रासात नस दबते ती कमरेच्या पुढच्या बाजूला, जांघेच्या वरच्या टोकाशी, अगदी पट्टा किंवा परकराची नाडी जिथे बसते त्याच्या आसपास. या विकाराला वैद्यकशास्त्रात मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. नाव अवघड असले तरी विकार जीवघेणा नाही, पाय लुळा करणारा नाही आणि बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेविना आटोक्यात येणारा आहे. म्हणूनच तो वेळेवर ओळखला जाणे महत्त्वाचे आहे, कारण ओळखला गेला नाही तर माणूस पाठीचे उपचार करत राहतो आणि कमरेवरचा दाब तसाच राहतो.

जिच्यामुळे हे सारे घडते ती नस मांडीच्या बाहेरच्या आणि थोड्या पुढच्या बाजूच्या त्वचेची संवेदना मेंदूकडे पोहोचवते. कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांपाशी निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांपासून ती तयार होते, पोटाच्या मागच्या भागातील सोआस नावाच्या जाड स्नायूच्या बाहेरच्या कडेने बाहेर पडते, कमरेच्या रुंद हाडाच्या आतल्या बाजूने तिरकी पुढे येते आणि जांघेतल्या बळकट अस्थिबंधाच्या, म्हणजे इन्ग्विनल लिगामेंटच्या, खालून मांडीत उतरते. कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे बोटांना लागणारे हाडाचे जे टोक असते, त्याच्या किंचित आतल्या बाजूला ही जागा आहे. तिथे जागा अरुंद असते आणि नसेला एकदम खालच्या दिशेला वळावे लागते. माणूस ताठ उभा राहतो किंवा चालताना पाय मागे जातो तेव्हा ती त्या वळणावर ताणली जाते. माणूस बसला, मांडी पोटाकडे आली, की ती सैल पडते. उभे राहिल्यावर त्रास आणि बसल्यावर आराम, हे या विकाराचे वैशिष्ट्य या रचनेतूनच आलेले आहे. सर्वांमध्ये नसेचा मार्ग सारखाच असतो असेही नाही. काहींमध्ये ती अस्थिबंधाच्या खालून जाण्याऐवजी त्याच्या तंतूंमधून जाते, तर काहींमध्ये हाडाच्या टोकावरून जाते, आणि अशा व्यक्तींमध्ये थोडासा बाह्य दाबही तिला पुरतो.

या नसेची दुसरी गोष्ट निदानासाठी त्याहून मोलाची आहे. ती केवळ संवेदनेची नस आहे. स्नायू हलवणारा एकही तंतू तिच्यात नसतो. त्यामुळे ती कितीही दबली तरी मांडीची ताकद कमी होत नाही, गुडघा लचकत नाही, जिना चढताना पाय दगा देत नाही. आग, मुंग्या, बधिरपणा, टोचल्यासारखे वाटणे, सुन्न जागेला स्पर्श नकोसा होणे, एवढ्यापुरताच तिचा त्रास असतो.

हा विकार नवा नाही. जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ मार्टिन बर्नहार्ट यांनी १८७८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८९५ मध्ये रशियन तज्ज्ञ व्लादिमिर रोट यांनी त्याला आजचे नाव दिले. कमरेला घट्ट पट्टे बांधणाऱ्या घोडेस्वारांत तो आढळतो, हे रोट यांनी नोंदवले होते. त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनीही या विकारावर लिहिले, आणि त्यात त्यांनी स्वतःला होत असलेल्या त्रासाचे वर्णन केले.

दाब नेमका कशाचा

घोडेस्वारांचे पट्टे गेले, पण कमरेवरचा दाब गेलेला नाही. घट्ट जीन्स, तीही कमरेच्या खाली बसणारी. आवळून बांधलेली परकराची नाडी. दिवसभर कमरेला असलेला पोलिसांचा किंवा सुरक्षारक्षकांचा जड पट्टा. सुतार, इलेक्ट्रिशियन आणि उंचावर काम करणारे कामगार बांधतात तो हत्यारांचा किंवा सुरक्षेचा पट्टा. पोट दाबून धरणारे आतले कपडे. पुढच्या खिशात ठेवलेला मोठा मोबाइल किंवा किल्ल्यांचा जुडगा, हे सारे त्या एका ठिकाणी भार टाकू शकतात. कॅनडातील एका वैद्यकीय नियतकालिकाने २००३ मध्ये तरुण स्त्रियांना घट्ट, खाली बसणाऱ्या पँटमुळे झालेल्या अशा त्रासाची नोंद छापली होती. परकराच्या नाडीचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो. साडी नीट बसावी म्हणून नाडी रोज एकाच रेषेवर, पोटात रुतेल इतकी आवळली जाते आणि दिवसाचे दहा-बारा तास तशीच राहते. कमरेवर नाडीचा वळ उमटत असेल, तर मांडीच्या आगीचे कारण शोधताना तो वळ आधी पाहायला हवा.

बाहेरून येणाऱ्या दाबाइतकाच आतून येणारा दाब महत्त्वाचा आहे. सुटलेले पोट पुढे आणि खाली झुकते, जांघेतल्या अस्थिबंधावर भार टाकते आणि कमरेचा बाकही वाढवते. भारतीयांमध्ये चरबी पोटाभोवती साचण्याची प्रवृत्ती जास्त असते, म्हणून आपल्यासाठी पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर अशी कमी ठेवलेली आहे. वजनकाट्यावरचा आकडा फार वाईट नसला तरी घेर वाढलेला असू शकतो आणि या नसेच्या दृष्टीने घेर अधिक महत्त्वाचा ठरतो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हीच परिस्थिती नैसर्गिकरीत्या निर्माण होते. पोट वाढते, कमर पुढे झुकते, आणि काही स्त्रियांना एका किंवा दोन्ही मांड्यांना बाहेरून मुंग्या येऊ लागतात. बाळंतपणानंतर हा त्रास सहसा काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत आपोआप ओसरतो, हे त्या स्त्रीला आधीच सांगितले तर तिची पुष्कळ भीती कमी होते.

मधुमेहाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली असली की नसा आधीच अशक्त झालेल्या असतात, आणि निरोगी नस जो दाब सहज सोसते तो अशा नसेला सोसत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यात केलेल्या पाहणीत या विकाराचे प्रमाण वर्षाला दर लाख लोकांमागे सुमारे ३३ होते, तर मधुमेही लोकांत ते लाखामागे सुमारे २४७, म्हणजे सातपटीहून अधिक, होते. आपल्याकडे मधुमेह किती पसरलेला आहे हे पाहता, मांडीच्या अशा त्रासाने डॉक्टरांकडे गेलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची साखर तपासली जायला हवी, असे मला ठामपणे वाटते. कित्येकदा मांडीच्या निमित्ताने आधी न कळलेला मधुमेह उघडकीला येऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतरही हा त्रास सुरू होऊ शकतो. पुढच्या बाजूने चीर देऊन केलेले खुब्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण, कमरेच्या हाडातून घेतलेला हाडाचा तुकडा, हर्नियाची शस्त्रक्रिया, सिझेरियन, किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी कित्येक तास पालथे झोपवणे, या प्रत्येकात नस ओढली किंवा दाबली जाण्याची शक्यता असते. कोविडच्या साथीत प्राणवायूची पातळी सुधारण्यासाठी ज्या रुग्णांना दीर्घकाळ पालथे ठेवावे लागले, त्यांच्यापैकी काहींना बरे झाल्यावर मांडीचा हा बधिरपणा राहिल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. याशिवाय अपघातात सीटबेल्टचा बसलेला आवळ, दोन पायांच्या लांबीतील फरक आणि क्वचित ओटीपोटातली गाठ हीसुद्धा कारणे असतात. शेवटचे कारण दुर्मीळ आहे, पण इतर काहीच सापडत नसेल तर डॉक्टर ते लक्षात ठेवतात.

कसे ओळखावे

त्रास कुठे आहे हे एका बोटाने दाखवता येत नाही, पूर्ण तळहात मांडीवर फिरवून दाखवावे लागते. अनेक रुग्ण नेमके तसेच करतात. तो भाग खुब्याच्या खालून सुरू होऊन गुडघ्याच्या वर संपतो. मांडीच्या आतल्या बाजूला तो जात नाही, गुडघ्याच्या खाली उतरत नाही. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी त्या भागाच्या कडेने पेनाने रेघ आखून तिचा फोटो काढून ठेवला तर निदानाला खरोखर मदत होते, कारण तपासणीच्या वेळी त्रास नसला तरी सीमारेषा हाताशी राहते. त्रास केव्हा वाढतो आणि केव्हा थांबतो, अलीकडे वजन, कपडे, काम किंवा औषधे यांत काय बदलले, पोटावर किंवा खुब्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली, हे सांगितले की अर्धे निदान तिथेच होते.

मणक्यातून येणाऱ्या दुखण्याशी याची गल्लत सर्वांत जास्त होते. सायटिकाचे दुखणे नितंबातून मांडीच्या मागून पोटरीत आणि पुष्कळदा पावलापर्यंत उतरते, म्हणून ते वेगळे काढणे तुलनेने सोपे असते. कमरेच्या वरच्या मणक्यांतली नस दबली तर मात्र दुखणे मांडीच्या पुढच्या भागात येते आणि गोंधळ होऊ शकतो. तेव्हा पाठदुखी सोबत आहे का, खोकल्याने किंवा शिंकेने कळ वाढते का, मांडीचा स्नायू अशक्त झाला आहे का आणि गुडघ्याखाली हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो का, हे पाहून फरक करतात. मेराल्जियात पाय नेहमीसारखा उडतो आणि ताकद पूर्ण असते. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याशी असलेल्या स्नायुबंधांचा दाह असेल तर त्या हाडावर दाबल्यावर दुखते आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. खुब्याचा सांधा झिजला असेल तर दुखणे बहुधा जांघेत असते, मांडी घालून बसणे किंवा मोजे घालणे जड जाते. एका पट्ट्यात आग होऊन तीन-चार दिवसांत त्याच जागी पाण्याचे फोड आले तर ती नागीण असते आणि तिचे औषध लवकर सुरू करावे लागते.

येथे एमआरआयविषयी स्पष्ट लिहायला हवे. पाठ कधीही न दुखलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी त्यांच्यापैकी अनेकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या किंवा फुगलेल्या दिसतात. विशीतल्या निरोगी लोकांतही साधारण तीन जणांमागे एकाची चकती फुगलेली आढळते, आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे मांडीची आग घेऊन गेलेल्या पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात ‘डिस्क बल्ज’ (फुगलेली चकती) असे शब्द येण्याची शक्यता मोठी असते. त्या शब्दांचा मांडीशी संबंध असेलच असे नाही. हातांनी नीट तपासणी न होता नुसत्या अहवालावरून मणक्याची शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो संकोच न करता बजावावा.

प्रत्यक्ष तपासणीत डॉक्टर कापसाने आणि टाचणीने त्वचेची संवेदना पाहतात, कमरेच्या हाडाच्या टोकाजवळ बोटाने ठोकून मुंग्या उमटतात का ते बघतात. आणखी एक साधी चाचणी आहे : रुग्णाला दुखरी बाजू वर येईल असे कुशीवर झोपवून कमरेच्या हाडावर वरून खाली सुमारे पाऊण मिनिट दाब देतात. त्याने अस्थिबंध सैल पडतो आणि मुंग्या कमी झाल्या तर निदानाला पुष्टी मिळते. शंका उरली तर नसेच्या जागी भूल देणारे इंजेक्शन देतात; थोड्या वेळात आग पूर्ण शमली तर दोषी नस सापडली. सोनोग्राफीत ही नस पाहता येते. नसेचा वेग मोजणारी चाचणीही उपलब्ध आहे, पण ही नस बारीक असल्याने आणि स्थूल व्यक्तींत खोलवर असल्याने त्या चाचणीचा निकाल नेहमी स्पष्ट येत नाही. रक्तातील साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) आणि थायरॉइड यांच्या तपासण्या मात्र स्वस्त आणि उपयोगी असतात.

काही लक्षणे असतील तर हा लेख बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. पायाची ताकद कमी होणे, गुडघा अचानक मोडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा येणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, पाय सुजून लाल आणि गरम होणे, यांपैकी काहीही मेराल्जियात बसत नाही. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्या व्यक्तीला जांघेत अचानक तीव्र कळ येऊन मांडी अशक्त झाली तर पोटाच्या आत रक्तस्राव झालेला असू शकतो, तिथे एक रात्रही थांबू नये. मधुमेही व्यक्तीत मांडीच्या भयंकर दुखण्यापाठोपाठ मांडीचे स्नायू झिजू लागले तर तोही वेगळा आणि गंभीर विकार आहे.

आराम कसा मिळतो

पहिला उपचार म्हणजे दाब शोधून तो काढणे, आणि तो घरीच सुरू होतो. पट्टा सैल करावा, शक्य असेल तर काही आठवडे खांद्यावरून जाणारे सस्पेंडर वापरावेत. परकराला नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिक लावावे किंवा नाडीची जागा थोडी वर-खाली करावी. मोबाइल खिशातून बाहेर काढावा. ज्यांच्या नोकरीत जड पट्टा अटळ आहे त्यांनी पट्ट्यावरचे वजन दोन्ही बाजूंना विभागावे, हाडाच्या टोकाशी काहीही टणक येणार नाही असे पाहावे आणि विश्रांतीच्या वेळात पट्टा काढून ठेवावा. सतत उभे राहण्याच्या कामात एक पाय आळीपाळीने छोट्या पाटावर ठेवला की खुबा किंचित वाकतो आणि नस सैल राहते. झोपताना उताणे पाय ताठ करून पडण्यापेक्षा गुडघ्यांखाली उशी घ्यावी. कुशीवर झोपल्यास दोन्ही गुडघ्यांमध्ये ती ठेवावी. पालथे झोपणे काही काळ बंद करावे.

व्यायामाबाबत उत्साहापेक्षा तारतम्य हवे. खुबा मागे ताणणारी आसने, उदाहरणार्थ भुजंगासन किंवा धनुरासन, या काळात नसेला आणखी ताणू शकतात, म्हणून त्रास शमेपर्यंत ती टाळलेली बरी. लांब टांगा टाकत भरभर चालण्याने त्रास वाढत असेल तर लहान पावले टाकावीत किंवा त्याऐवजी सायकल चालवावी, कारण सायकलवर खुबा वाकलेलाच राहतो. पोटाचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. वजन कमी करणे हा सर्वांत हळू आणि सर्वांत टिकाऊ उपाय आहे. पोटाचा घेर थोडा उतरला तरी नसेवरचा भार हलका होऊ लागतो.

शेकाच्या बाबतीत एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. मांडीचा तो भाग बधिर असतो, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेली वीट किती गरम आहे हे तिथे कळत नाही आणि त्वचा भाजते. मधुमेही व्यक्तीत असे भाजणे चिघळू शकते. म्हणून शेक द्यायचाच असेल तर तापमान आधी हाताने पाहावे आणि मध्ये जाड कापड ठेवावे. आग जास्त असेल तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे जांघेच्या वरच्या कोपऱ्याशी ठेवल्याने अनेकांना बरे वाटते. जोरजोराने तेल रगडून मालिश करणे मात्र टाळावे. दबलेल्या नसेला आणखी दाब देऊन ती मोकळी होत नाही.

एवढ्याने भागले नाही तर औषधांची पाळी येते. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा नसेच्या आगीवर मर्यादित उपयोग होतो, आणि त्या दीर्घकाळ घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. नसेच्या दुखण्यासाठी डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन यांपैकी एखादे औषध कमी मात्रेत सुरू करतात. त्यांनी झोप येते, चक्कर येते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊ शकतो. वाहन चालवणाऱ्यांनी हे विचारून घ्यावे आणि औषध एकाएकी बंद करू नये. आपल्याकडे नसेचा कोणताही त्रास झाला की मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाच्या, गोळ्या किंवा इंजेक्शने देण्याची पद्धत रूढ आहे. हे जीवनसत्त्व कमी असेल, आणि शाकाहारी लोकांत तसेच वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ते कमी असण्याची शक्यता जास्त असते, तर ते जरूर भरून काढावे. पण त्या गोळीने नाडीचा आवळ सैल होणार नाही. गरोदर स्त्रियांनी यांतले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यांच्यासाठी सैल कपडे, विश्रांती आणि बसण्या-झोपण्याच्या पद्धतीतले बदल हाच उपचार पुरेसा असतो.

काही महिने हे सर्व करूनही त्रास टिकला तर सोनोग्राफीच्या मदतीने नसेभोवती भूल आणि स्टेरॉइड यांचे इंजेक्शन देतात. ते योग्य जागी पडले तर आराम अनेक आठवडे टिकतो, काहींना कायमचा मिळतो. मधुमेही व्यक्तीची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते, तेव्हा मोजमाप चालू ठेवावे. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. तिचे दोन मार्ग आहेत : नसेभोवतीचा आवळ मोकळा करणे, किंवा नसच कापून टाकणे. पहिल्यात संवेदना शाबूत राहते, पण त्रास पुन्हा उद्भवू शकतो. दुसऱ्यात वेदना जाण्याची शक्यता अधिक असते, पण मांडीचा तो भाग कायमचा बधिर होतो. हा निर्णय घेण्यापूर्वी भुलीच्या इंजेक्शनने तात्पुरता बधिरपणा आणून तो आपल्याला चालेल का, हे अनुभवून पाहता येते, आणि ती संधी शल्यचिकित्सकाकडे मागून घ्यावी.

सुधारणा कशी होते हे माहीत असले तर मध्येच धीर सुटत नाही. दाब निघाल्यावर आग आणि टोचणी सहसा आधी कमी होते, बधिरपणा सर्वांत शेवटी जातो, आणि काहींच्या मांडीवर एखादा छोटा सुन्न भाग मागे राहतो, ज्याने रोजच्या कामात काही अडत नाही. कुठलाही खास उपचार न घेतलेल्या २९ रुग्णांच्या एका जुन्या पाहणीत २० जणांचा त्रास आपोआप कमी झाल्याचे आढळले होते. मात्र कपडे, वजन आणि साखर यांकडे लक्ष देऊनही दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, बधिर भाग पसरू लागला, किंवा पायाच्या ताकदीत थोडाही बदल जाणवला, तर निदान पुन्हा तपासून घ्यायला मज्जाविकारतज्ज्ञाकडे जावे.